भागिले अकरा : एका भिशीच्या केरळ सहलीचा वरखर्च

आमच्या भिशीत अकरा जणी आहोत. सात सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागातल्या, चार जुळे सोलापुरातल्या. दोन शिक्षिका, एक निवृत्त परिचारिका, एकीचं किराणा दुकान, तिघी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या, बाकीच्या घर सांभाळणाऱ्या. मी एका टॉवेल कारखान्यात पंचवीस वर्षं हिशेब लिहिला, म्हणून भिशीची वही माझ्याकडे. सहलीला आम्ही काय चुकलो आणि त्याचा भार कुणावर पडला, हे त्या वहीतून आणि फोनवरच्या पेमेंटच्या नोंदींतून परत आल्यावर जुळवलं. कुणाचंही नाव मुद्दाम घेत नाही. ज्यांच्याबद्दल मुख्यतः लिहायचं आहे त्यांना आम्ही सगळ्या अक्का म्हणतो, तेवढं पुरे.

वर्षभर दरमहा २,००० रुपये बाजूला टाकले, त्याचे माणशी २४,००० झाले. केरळची सहल जीएसटी धरून २३,८०० ला ठरली. जाता-येता रेल्वे, तिथे बस, सहा मुक्काम आणि सोबत टूर मॅनेजर. उरलेल्या दोनदोनशे रुपयांत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि धपाट्यांचं सामान आणलं. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आटोपली आणि फेब्रुवारीत पहाटेच्या पुणे-कन्याकुमारी गाडीत बसलो. हातखर्चाला किती घ्यायचे असं विचारल्यावर बुकिंग करणारे म्हणाले होते, "जेवणखाण सगळं आपल्यातच आहे हो. तुम्ही खरेदीपुरते घ्या." मीच मग सगळ्यांना सांगितलं, ३,००० पुष्कळ झाले.

परत आल्यावर बेरीज केली. खरेदी सोडून माणशी सरासरी वरखर्च ४,७२० रुपये झाला होता. सगळ्यात जास्त खर्च करणारीचा ६,९०० आणि सगळ्यात कमी करणारीचा, म्हणजे अक्कांचा, ३,५००. त्यातले ५०० माझ्याकडून उसने.

कागदावर काय होतं

सहलीचा कागद खोटा नव्हता. त्यात हाउसबोट सोडून प्रत्येक मुक्कामापुढे बारीक अक्षरात "एमएपी" लिहिलेलं होतं. अकरा जणींपैकी एकीनंही त्याचा अर्थ विचारला नाही, मीही नाही. हॉटेलवाल्यांच्या भाषेत ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, ते बहुतेक रात्रीचं. एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. आमच्या सहा मुक्कामांत एपी फक्त अलप्पुळच्या हाउसबोटीवर होतं. कोची, मुन्नारचे दोन दिवस, थेक्कडी, कन्याकुमारी आणि तिरुवनंतपुरम अशी सहा दुपारची जेवणं आमच्या पदरची होती. रेल्वेतलं खाणंही आमचंच.

नाश्ता सकाळी आठला, रात्रीचं जेवण साडेआठला. मधल्या साडेबारा तासांत माणूस जेवतो, दोनदा चहा घेतो, घाटात मळमळलं तर लिंबू सरबत पितो, औषधाची गोळी घ्यायला काहीतरी खातो. आमच्यातल्या दोघींना साखरेचा त्रास आहे, त्यांना दर तीन तासांनी काहीतरी तोंडात टाकावंच लागतं. कोचीहून मुन्नार सव्वाशे किलोमीटरच्या वर, तेही घाटरस्त्यानं. गाडी थांबेल तिथेच जेवायचं, आणि थांबणार कुठे हे चालकाच्या हाती. कागद वाचताना आम्ही "मट्टनचेरी, चहाचे मळे, पेरियार" अशी ठिकाणं वाचली. आठ ते साडेआठ हे तास कुणीच वाचले नाहीत.

दुपारचं जेवण

सगळ्यात जास्त पैसे इथे गेले, म्हणून इथे जरा थांबते. सहा जेवणांचे माणशी १,४१० रुपये, म्हणजे एका वेळचे सरासरी २३५. आम्ही चैन केली म्हणून हे झालं नाही. पोळीच्या ओढीनं झालं.

केरळात साध्या खानावळीत "मील्स" मिळतं. भात, सांबार, रसम, दोन-तीन भाज्या, पापड, ताक, आणि भात हवा तितका वाढतात. आम्हाला वाटेत ते १२० ते १५० ला दिसत होतं. पण तांदूळ जाडा, लालसर, उकडा. दुसऱ्या दिवसापासून "मला चपाती बघा की" सुरू झालं. मग चालक आम्हाला उत्तर भारतीय जेवणाच्या हॉटेलात न्यायला लागला. तिथे चपाती सुटी, भाजी सुटी, डाळ सुटी, आणि पनीर मागवलं की बिल फुगतं. कडक भाकऱ्या असत्या तर निम्मं काम झालं असतं. पण त्या आम्ही जातानाच्या गाडीतच संपवल्या, शेजारच्या डब्यातल्या लोकांनाही खाऊ घातल्या. नीट गुंडाळून ठेवली तर कडक भाकरी पंधरा-पंधरा दिवस टिकते, हे सोलापूरकरांना सांगायला नको. ती जातानाच्या प्रवासासाठी नव्हे, तिथल्या चौथ्या-पाचव्या दिवसासाठी राखायची असते.

याहून मोठी चूक बिल वाटण्याची. मुन्नारला पहिल्या दिवशी बिल आलं २,९१५ रुपये. मी फोनवर भागिले अकरा केलं, माणशी २६५. कुणाची कुरकुर नाही, हिशेब झटपट, मला बरं वाटलं. त्या टेबलावर अक्कांनी दहीभात खाल्ला होता. मेन्यूकार्डावर त्याची किंमत ९० होती. हे मला तेव्हा दिसलं नाही. सहाही दिवस आम्ही असंच वाटत गेलो. समान वाटणी म्हणजे न्याय असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं. पण समान वाटणीत कमी खाणारी जास्त खाणारीचं बिल भरते, आणि कमी खाणारी बहुतेक वेळा हात राखूनच खात असते. तरुण मुलं "टीटीएमएम" म्हणतात, तुझं तू माझं मी. त्यात वेळ जातो, पण असा अन्याय होत नाही.

पाणी आणि चहा वेगळे लिहिते, कारण ते दिसत नाहीत. पाण्याच्या बाटल्यांना दिवसाला माणशी ५० रुपये. केरळातल्या बहुतेक खानावळींत टेबलावर कोमट गुलाबी पाणी ठेवतात. पतिमुगम नावाच्या झाडाच्या लाकडाचे तुकडे टाकून ते उकळलेलं असतं. आम्हाला ते गढूळ वाटलं, आणि फुकटचं उकळलेलं पाणी बाजूला सारून आम्ही बाटल्या विकत घेतल्या. हॉटेलच्या खोलीतल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तेव्हा आमची शिक्षिका भांडायला निघाली होती. पण हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीहून जास्त लावता येतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. तिथे भांडण्यात अर्थ नव्हता. कोचीतल्या बिलावर मात्र दहा टक्के "सेवा शुल्क" आपोआप लावलेलं होतं आणि तिथे आम्ही गप्प बसलो. ते उलट व्हायला हवं होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हॉटेलला सेवा शुल्क आपोआप बिलात घालता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती तत्त्वं कायम ठेवली. काढा म्हणावं, नाही काढलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. जीएसटी वेगळा, तो द्यावाच लागतो.

गुरुवार आला तेव्हा चौघींचा उपास होता. साबुदाणा कुठून मिळणार? गंमत अशी की ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद केरळात घरोघरी उकडून खातात, कप्पा म्हणतात त्याला. उपासाला तो चालतो का यावर बसमध्ये बराच ऊहापोह झाला. शेवटी नेंद्रन केळ्यांवर भागवलं. केळी महाग नव्हती, पण अचानक सुचल्यामुळे प्रत्येक थांब्यावर थोडं थोडं घेत त्या चौघींचे दिवसात दीडदीडशे गेले.

रिकामे तास

करमणुकीवर बहुतेकींचे १,३५० गेले. त्यातली एकही गोष्ट आम्ही सोलापुरात ठरवलेली नव्हती.

मुन्नारच्या दिवशी कागदावर इराविकुलम राष्ट्रीय उद्यान होतं, कंसात "सुरू असल्यास". निलगिरी ताहर ही रानशेळी तिथे राहते, आणि तिच्या विणीच्या काळात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, उद्यान बंद ठेवतात. उद्यानाचं तिकीट पॅकेजमध्ये होतं. ते बंद असल्यानं दोन तास मोकळे राहिले. टूर मॅनेजरनं बस साहसी खेळांच्या बागेत नेली, तिथला खर्च आमचा. प्रवेश २०० आणि झिपलाइन-झोपाळे धरून बहुतेकींचे ५०० झाले. फेब्रुवारीत जाताय तर उद्यान बंद असू शकतं, हे निघण्याआधी एका फोनवर कळलं असतं.

थेक्कडीला संध्याकाळी पाच ते सात काहीच नव्हतं. तिथे त्याच वेळेला तासाभराचं कळरिपयट्टू, म्हणजे केरळची युद्धकला, आणि तासाभराचं कथकली असतं, प्रत्येकी २०० रुपये. त्याआधी दुपारी मसाल्याच्या बागेत फिरवणाऱ्याचे १५०. हाउसबोटीवरही तसंच. संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास नौका किनाऱ्याला बांधतात, कारण पुढे मच्छीमार पाण्यात जाळी लावतात. आमची समजूत अशी की नौका रात्रभर फिरणार. ती थांबल्यावर लगेच छोटी होडी बाजूला आली, अरुंद कालव्यांतून गावात फिरवून आणते म्हणाली, माणशी ३००. तिथे कुणी नाही म्हणेल?

हे पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. कथकलीचे नट प्रेक्षकांसमोर बसून चेहरा रंगवतात, हनुवटीभोवती ती पांढरी चुट्टी, म्हणजे झालर, चढते, डोळे लाल होतात, आणि समोरचा माणूस बघता बघता दुसराच होतो. आमच्या परिचारिका बाई दोन दिवस त्याबद्दलच बोलत होत्या. होडीतून जाताना घरांच्या पायऱ्यांवर भांडी घासणाऱ्या बायका दिसल्या, त्यांनी हात केला. सहलीतलं आठवणीत राहण्यासारखं सगळं या पॅकेजबाहेरच्या भागातच होतं. म्हणूनच तो भाग कुणाला चुकू नये.

अक्कांना तो चुकला. थेक्कडीत त्या म्हणाल्या, डोकं दुखतंय, मी गाडीत बसते. मी गोळी दिली आणि आत गेले. दोन तास त्या बसमध्ये बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी होडी आली तेव्हा त्या आत खोलीत गेल्या. मी शाल आणायला म्हणून मागे गेले, तर पलंगावर बटवा उलटा करून त्या नोटा मोजत होत्या.

"अक्का, किती आहेत?"

"हायेत ओ ताई. तुम्ही जाऊन या की."

२९० होते. मी नंतर वहीवरून त्यांचा हिशेब लावला. पहिल्याच दिवशी टूर मॅनेजरनं टिपांचे माणशी ६०० गोळा केले. गाडीतलं खाणं २६०. चार जेवणं ९४०, त्यांनी दहीभात खाल्ला तरी. चहा-फराळ ३६०, पाणी २००, मुन्नारच्या बागेचा प्रवेश २००, मसाल्याची बाग १५०. बेरीज २,७१०. अजून दोन जेवणं आणि परतीची गाडी शिल्लक होती. त्या पहिल्या दिवसापासून हात राखून होत्या आणि तरीही थेक्कडीपर्यंत त्यांचे पैसे संपत आले, कारण त्यांच्या खर्चाचा मोठा भाग त्यांच्या हातात नव्हताच. तो अकरांनी भागून येत होता. जे त्यांच्या हातात होतं ते एकच, करमणूक. ती त्यांनी सोडली.

मी ५०० पुढे केले. त्या घेईनात. "फेडायला परत मशिनीवरच बसायचंय ना," एवढंच म्हणाल्या. गणवेशाचं काम नगावर असतं, दहा दिवस बाहेर म्हणजे दहा दिवसांची मजुरी आधीच बुडालेली. बरीच घासाघीस झाल्यावर परतीच्या गाडीपुरते घेतले. होडीत मात्र आल्या नाहीत.

३,००० पुष्कळ झाले, हे मी सांगितलं होतं. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या ताळेबंदातल्या चुका शोधल्या आणि माझ्याच शब्दावर विश्वास ठेवून बसमध्ये बसून राहिलेली बाई मला दोन दिवस दिसली नाही. हे मला अजून लागतं.

परत मांडलेला हिशेब

सोलापुरात आल्यावर मी तीच सहल कागदावर पुन्हा केली. प्रश्न एवढाच होता की अकराही जणी प्रत्येक ठिकाणी एकत्र असायच्या तर किती लागले असते.

आधी खाणं. सहा दुपारी "मील्स" घेतलं असतं आणि भाकरी-चटणी जपून ठेवली असती तर १५० च्या हिशेबानं ९००. चहा आणि मधलं खाणं, लाडू-चिवडा घरचा धरून, दिवसाला ५० प्रमाणे ३००. पाणी १००, कारण खानावळीत उकळलेलं पाणी पिऊन बाटल्या भरून घेता आल्या असत्या. रेल्वेत जाताना डबा घरचा आणि येताना निम्मं विकतचं, दोन्ही मिळून २५०. टिपा ६००, त्या कमी होत नाहीत आणि कराव्यात असंही मला वाटत नाही, त्या पोरांची कमाई त्यावर असते. बेरीज २,१५०. अडीअडचणीला पंधरा टक्के, म्हणजे २,५०० च्या आसपास.

करमणुकीत दोनच गोष्टी सामाईक ठरवल्या असत्या, कथकली २०० आणि कालव्यातली होडी ३००, तर ५०० झाले असते. झिपलाइन, तळलेली करीमीन मासोळी, शहाळी हे ज्याचं त्यानं.

एकूण ३,०००. म्हणजे अक्कांच्या बटव्यात निघताना नेमके जेवढे होते तेवढेच. तो आकडा पाहिला तेव्हा मी वही मिटून बराच वेळ बसले. पैसे कमी नव्हते. ते कशावर, कुणाच्या सांगण्यावरून आणि कुठल्या वाटणीनं जाणार, हे ठरलेलं नव्हतं.

यातल्या काही गोष्टी आम्ही आता भिशीच्या नियमांत लिहून ठेवल्या. बुकिंगआधी कागदावर प्रत्येक दिवसापुढे सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने पाडायचे आणि कुठलं जेवण कुणाचं ते बुकिंगवाल्याकडूनच भरून घ्यायचं, तोंडी चालणार नाही. दोन जेवणांमधला काळ पाच तासांहून जास्त असेल तर तिथे खर्च धरायचा. कागदावर दोन तास रिकामे दिसले तर तिथे काय असतं ते विचारायचं, कारण रिकामा तास फुकट जात नाही. खाण्याचा, पाण्याचा आणि टिपांचा पैसा निघण्याआधीच सामाईक डब्यात, आणि तो डबा दोघींकडे. एकीकडे रोख, एकीकडे फोन, कारण आमच्यातल्या तिघींकडे फोनवरचं पेमेंट नाही आणि त्यांना प्रत्येक वेळी "नंतर देते" म्हणावं लागलं होतं. डब्यातून फक्त साधं ताट मिळेल. वेगळं मागवणारीनं त्याचे पैसे तिथेच द्यायचे. भागिले अकरा बंद.

एका नियमावर वाद झाला. किराणा दुकानवाली म्हणाली, सामाईक करमणूक कशाला, ज्याची त्याची हौस. तिचं म्हणणं खोटं नाही, एखादीला खरंच नाच बघायचा नसतो. पण माझं मत ठाम होतं आणि मी ते सोडलं नाही. पैसे आधीच भरलेले असले की नको म्हणणारी खरोखर नको म्हणून नाही म्हणते. डोकं दुखतंय असं सांगावं लागत नाही. सात विरुद्ध चारने नियम राहिला.

त्यासाठी भिशीचा हप्ता २५० रुपयांनी वाढवला. बारा महिन्यांत ३,०००.

दिवाळीनंतर बदामी-हंपीचं ठरतंय. सोलापूर-गदग मार्गावरच बदामी स्टेशन आहे, वाटेत विजयपूरला गोल घुमट. तिथे ज्वारीची रोटी आणि शेंगाचटणी खानावळीतच मिळते, त्यामुळे पोळीची ओढ असणार नाही. दुपारचा आकडा उतरेल. उलट पुरातत्त्व खात्याची तिकिटं बरीच आहेत. एकेकटं तिकीट मोठं नाही, हंपीच्या विठ्ठल मंदिराचं भारतीयांना ४० रुपये आहे, पण ती पॅकेजमध्ये आहेत की नाहीत ते लिहून मागितलंय. बुकिंगवाल्यांसमोर तीन रकान्यांचा कागद ठेवला तेव्हा पहिला प्रश्न अक्कांनी विचारला, "दुसऱ्या दिवशी दुपारी कुठं जेवायचं?" त्यांनी फोन करून विचारतो म्हटलं. अजून उत्तर आलेलं नाही आणि आम्ही पैसेही भरलेले नाहीत.

सामाईक करमणूक कोणती, यावर गेल्या भिशीला चिठ्ठ्या टाकल्या. तुंगभद्रेत गोल टोपलीसारख्या होडीतून फिरवतात, त्याला आठ चिठ्ठ्या पडल्या. सात मराठीत होत्या. आठवी तेलुगूत होती, आणि आमच्यात तेलुगू लिहिणारी एकच आहे.